पद्मिनीच्या मीटरची फ्रेम बनवून घेतली (साकीनाका)

बाबांची ८६ ची प्रीमियर पद्मिनी गेलं वर्षभर नीट करतोय, पत्रा झाला, इंजिन झालं, सीटा झाल्या, पण डॅशबोर्डवरच्या मीटरभोवतीची ती काळी प्लास्टिकची फ्रेम काही मिळेना. गाडी बनायची बंद होऊन वीस वर्षं उलटली, २०२३ ला मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी पण गेली, आता पार्ट कोण ठेवणार. कुर्ल्याला सीएसटी रोड पालथा घातला, चोरबाजारात मटण स्ट्रीटला दोन मिळाल्या पण दोन्ही नेमक्या त्याच कोपऱ्यात तडकलेल्या जिथे आमची तुटलीय.

मग एका ऑनलाइनवाल्याकडून थ्रीडी प्रिंट (मशीन प्लास्टिकचे थर एकावर एक चढवून वस्तू बनवतं ती) मागवली, दिसायला एकदम झकास. आमचं पार्किंग उघड्यावर, त्यात मे महिना, तिसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर फ्रेम पापडासारखी वाकलेली. नंतर कळलं ते पीएलए नावाचं प्लास्टिक होतं, साठ डिग्रीला मऊ पडतं, आणि बंद गाडीत काचेखाली तेवढं तापमान सहज होतं. पैसे गेले ते गेलेच.

मग साकीनाक्याला एका थ्रीडी प्रिंटवाल्याच्या गाळ्यात गेलो तर पोराने पहिलंच विचारलं, "काका, गाडी उन्हात उभी असते का?" तिथेच मी निम्मा पटलो. जुन्या फ्रेमचे तीन तुकडे जुळवून स्कॅन केलं, तरी क्लिपांची मापं व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) हातानेच घेतली. आधी स्वस्तातला ट्रायल पीस काढून माझ्याच गाडीत बसवून बघितला, एका बाजूला दीड मिलिमीटर घासत होता तो सुधारला आणि मग फायनल एएसए नावाच्या प्लास्टिकमध्ये, ते शंभर डिग्रीच्या आसपास टिकतं आणि उन्हाने रंग पण लवकर उडत नाही म्हणे. क्लिपा वेगळ्या, आडव्या टाकून प्रिंट केल्या, कारण उभ्या काढल्या की दाबताना थरावरून कटकन तुटतात. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं!

आता तक्रारी. दहा दिवस सांगून पाच आठवडे लावले, फोन उचलायचा नाही, उचलला की "काका उद्या नक्की". फिनिशिंग पण ओरिजिनलपेक्षा जरा जास्त चकचकीत आहे, बाकी कोणाला दिसत नाही पण मला दिसतं ना. पैसे ४२०० घेतले, ट्रायलचे धरून. घासून प्रायमर मारून दिलं त्यामुळे चालतंय.

जून गेला, ऑक्टोबरचं ऊन पण गेलं, फ्रेम जागची हललेली नाही. आता चोकचं नॉब पण त्याच्याकडेच टाकलंय, दहा दिवस म्हणालाय.