सुई टोचण्याआधीचा एक तास: लिडोकेन-प्रिलोकेन क्रीम

माझ्या सात वर्षांच्या लेकीचं दर महिन्याला रक्त काढावं लागतं. आदल्या रात्रीपासूनच तिचा हात बाहीत लपलेला असायचा. डॉक्टरांनी हे क्रीम लिहून दिलं, त्याला आता आठ महिने झाले.

पहिल्यांदा काहीच उपयोग झाला नाही. औषधाच्या दुकानात सांगितलं, "वेदनाशामक आहे, लावा की झालं." आम्ही दहा मिनिटं आधी चोळलं आणि पोर सुई लागताच किंचाळली. घोळ त्या एका शब्दाने केला. वेदनाशामक म्हणजे पॅरासिटामॉलसारखं, चालू दुखणं कमी करणारं. हे आहे बधिर करणारं औषध, ॲनेस्थेटिक. ॲनेस्थेशिया या शब्दाचं मूळ ग्रीक, अर्थ संवेदना नसणं. क्रीममधलं २.५ टक्के लिडोकेन आणि तेवढंच प्रिलोकेन कातडीतून झिरपत मज्जातंतूंपाशी पोचतं, तिथल्या सोडियमच्या वाटा अडवतं, आणि टोचल्याचा निरोप मेंदूकडे निघतच नाही. पण कातडी ओलांडायला वेळ हवा. निदान एक तास.

आता मी कोपराच्या खळगीत जाड थर देते, अजिबात चोळत नाही. वर पारदर्शक चिकटपट्टी, आणि पट्टीवर पेनाने वेळ लिहून ठेवते. तासाने पुसलं की खाली पांढुरका डाग दिसतो. पहिल्यांदा घाबरले होते, पण तसं होतंच. शीर मात्र त्यामुळे चटकन सापडत नाही, नर्सबाईंना थोडं थांबावं लागतं. माझी तक्रार तेवढीच.

खरचटलेल्या जागी लावू नका. तान्ह्या बाळाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको, प्रिलोकेनमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होऊ शकते. दुखऱ्या गुडघ्यासाठीही कुणी हे मागायला जाऊ नये, ते याचं काम नाही.

दाबल्याचं, ओढल्याचं कळतं, हे मुलांना आधी सांगून ठेवा. मी सांगितलं होतं, "हाताला भूल दिलीय." भूल म्हटल्यावर तिला वाटलं, आता आपण झोपणार. परवा सुई आत गेली तेव्हा ती डागाकडे टक लावून बघत होती. मग हळूच म्हणाली, "आई, फक्त हात झोपलाय. मी जागी आहे."