हिमोफिलियासाठी माणसं जमवली, त्याला चौदा महिने झाले

लेकाला सिव्हिअर हिमोफिलिया ए आहे. म्हणजे रक्त गोठवणारं ‘फॅक्टर ८’ हे प्रथिन त्याच्या रक्तात नेहमीच्या एका टक्क्याहूनही कमी. वय ८, वजन २४ किलो, घर घोडबंदर रोडला. निदान तो रांगत होता तेव्हाच झालं होतं, पण गेल्या वर्षीपर्यंत आमच्याकडे फक्त एक डॉक्टर होते. गुडघा फुगला की रिक्षा पकडायची, फॅक्टर टोचून आणायचा, पुढच्या फुगण्यापर्यंत देवावर हवाला.

मग एका रात्री एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत (नाव लिहीत नाही) ड्यूटीवरच्या मुलाने आधी एक्स-रे सांगितला आणि कळ थांबावी म्हणून कमरेत इंजेक्शन भरायला घेतलं. स्नायूत सुई गेली की तिथेच रक्त साचणार, हे त्याला मी सांगत होते आणि तो ‘मॅडम, रिलॅक्स’ म्हणत होता. अशा वेळी फॅक्टर आधी द्यायचा असतो आणि तपासण्या नंतर. त्या रात्री फॅक्टर मिळायला तीन तास लागले. सहा महिन्यांत त्याच उजव्या गुडघ्यातला तो चौथा रक्तस्राव. तीन झाले तरी त्या सांध्याला ‘टार्गेट जॉइंट’ म्हणतात, हे मला पुढे कळलं.

‘ठाण्यात यासाठी कोणते डॉक्टर चांगले?’ असं मला बरेच जण विचारतात. चौदा महिन्यांनी माझं उत्तर एवढंच आहे: जे दुसऱ्या डॉक्टरला स्वतः फोन लावतात ते.

आमचे मुख्य हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्तविकारांचे डॉक्टर, मुंबईत आहेत. परळपर्यंत जाणं-येणं म्हणजे लेकाची शाळा आणि माझी रजा, दोन्ही बुडतात, म्हणून तिकडे तीन महिन्यांतून एकदाच. बाकीचं सगळं इथे. त्यांनी लेटरहेडवर अर्ध्या पानाचं पत्र दिलंय: आजार, वजन, कोणत्या रक्तस्रावाला किती युनिट, काय द्यायचं नाही (अ‍ॅस्पिरिन, ब्रूफेन, स्नायूतली इंजेक्शनं). या पत्राच्या लॅमिनेट केलेल्या चार प्रती आहेत: दप्तरात, स्कूटरच्या डिकीत, शाळेच्या ऑफिसात आणि सासूबाईंच्या पर्समध्ये. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू हीच.

हिशेब सोपा आहे. किलोमागे एक युनिट दिलं की फॅक्टरची पातळी साधारण दोन टक्के वाढते, म्हणजे याला ५०० युनिट दिले तर चाळीसेक टक्के. पण काही तासांतच ती निम्मी होते. म्हणून आता दुखण्याची वाट न बघता सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळी शाळेच्या आधी घरीच देतो. फॅक्टरची पावडर पाण्यात विरघळवून टोचायला शिकवलं हॉस्पिटलच्या डे-केअरमधल्या सिस्टरने. ‘ताक नाही घुसळायचं ताई, हळू फिरवा, फेस नको,’ हे तिचं वाक्य अजून रोज कानात असतं. पहिले दोन महिने शीर सापडेना. मी रडायचे आणि लेक मला धीर द्यायचा. आता नवरा देतो. त्याचा हात माझ्याहून स्थिर आहे, हे मान्य करायला मला वेळ लागला. फॅक्टर सरकारी केंद्रातून मोफत मिळतो, रिकाम्या बाटल्या आणि नोंदवही दाखवावी लागते. कधी साठा कमी असतो, तेव्हा आठवड्याला तीनऐवजी दोनच डोसांवर यावं लागतं आणि त्या आठवड्यात घरात सायकलचं नाव काढायचं नाही.

टीममध्ये पहिला नंबर मात्र फिजिओथेरपिस्टचा. मला वाटायचं, फिजिओ म्हणजे म्हाताऱ्यांच्या कंबरेसाठी. या बाईंनी पहिल्या दिवशी शिवणकामाची टेप काढून दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी दोन सेंटीमीटर बारीक! गुडघा दुखतो म्हणून पाय वापरायचा नाही, मग स्नायू वाळतो, मग सांध्याला आधार उरत नाही आणि पुन्हा रक्तस्राव. हे चक्र आजवर कुणीच आम्हाला सांगितलं नव्हतं. व्यायाम घरचेच, शिवाय पोहणं. आता फरक अर्ध्या सेंटीमीटरवर आलाय आणि गेल्या सात महिन्यांत त्या गुडघ्यात एकदाच रक्त आलं.

लॅबचा अनुभव वाईट. इनहिबिटर, म्हणजे दिलेल्या फॅक्टरलाच मारणारी अँटिबॉडी, तयार झाली का ते तपासायचं होतं. घराजवळच्या कलेक्शन सेंटरने निळ्या झाकणाची नळी अर्धीच भरली आणि नमुना संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला. रिपोर्ट काहीच्या बाहीच आला, आठवडाभर आम्ही जेवलो नाही. नळी खुणेपर्यंत भरावी लागते आणि प्लाझ्मा काही तासांत वेगळा करून तपासावा किंवा गोठवावा लागतो. आता थेट परळलाच देतो. दुसऱ्यांदा इनहिबिटर निघाला नाही.

शाळेबद्दल थोडक्यात: बसमधल्या मावशींना सगळं समजलं, पीटीच्या सरांना अजून नाही. दिव्यांग प्रमाणपत्राचे हेलपाटे अर्ध्यावर आहेत. २०१६च्या कायद्यात हिमोफिलिया आहे, हे खिडकीवरच्या माणसाला मीच सांगितलं.

नौपाड्यातले दंतवैद्य मात्र लाख माणूस. दुधाची दाढ किडली होती. त्यांनी आरसाही न लावता म्हटलं, ‘आधी तुमच्या रक्तवाल्या डॉक्टरांचा नंबर द्या.’ दोघं वीस मिनिटं बोलले. सकाळी फॅक्टर, मग दाढ, मग रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिडच्या चुळा. टाकाही लागला नाही. माझे एक मामा चौदाव्या वर्षी दात काढल्यावर गेले. आजी आयुष्यभर दृष्ट म्हणत राहिली.

हे मी त्या खुर्चीशेजारी बोलून गेले आणि पुढच्या भेटीत परळच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘तुमची स्वतःची पातळी कधी बघितली?’ कधीच नाही. आई फक्त वाहक असते, म्हणजे आजार मुलाकडे जातो पण तिला स्वतःला काही होत नाही, असंच मी धरून चालले होते. माझी ३४ टक्के निघाली. चाळीसच्या खाली म्हणजे बाईलाही सौम्य हिमोफिलियाच. वीस वर्षं पाळीत सात-आठ दिवस जे चाललंय आणि ज्यावर प्रत्येकीने ‘होतं असं काहींना’ म्हटलं, ते असं होतं होय! धाकटीची तपासणी पुढच्या महिन्यात.

फायलीत आता माझंही पान आहे. अक्कलदाढ दुखतेय दोन आठवडे. आज दंतवैद्यांना फोन केला, तर म्हणाले, ‘तुमचं पत्र कुठंय?’