मुहर्रकचा मोतीमार्ग: बहरीनला गेलात तर पहिला दिवस इथे घाला

माझ्या सासऱ्यांच्या तिकिटांच्या वहीत एक पान होतं. तिकीट भारताचं, त्यावर सहावा जॉर्ज, किंमत आण्यांत, आणि वर काळ्या शाईत इंग्रजीत छापलेलं ‘बहरीन’. लग्न होऊन वसईला आले त्या वर्षी ते पहिल्यांदा पाहिलं. मी तेव्हा नुकतीच पोस्टात लागले होते, सॉर्टिंगला. मला वाटलं, छापखान्याने घोळ घातलाय. मामंजी म्हणाले, “घोळ कसला! तिथलं पोस्ट आपलंच होतं.”

होतंच. १८८४ साली हिंदुस्थानच्या टपाल खात्याने बहरीनला कचेरी उघडली. १९३३ पासून आपल्याच तिकिटांवर बहरीनचा छाप मारून ती तिथे विकत. १९४८ मध्ये ब्रिटनच्या टपाल खात्याने कारभार घेतला, तरी ब्रिटिश तिकिटावर किंमत आणे-रुपयांत, आणि १९५७ पासून तर चक्क नये पैशांत! बत्तीस वर्षं टपाल लावून मी निवृत्त झाले. त्या बेटावर जायचा योग आला तो लेकीला मनामात, म्हणजे बहरीनच्या राजधानीत, नोकरी लागली तेव्हा. या जानेवारीत मी आणि माझी नणंद तीन आठवडे राहून आलो. ताईंचं वय एकाहत्तर, उजवा गुडघा कुरकुरतो. हे आधीच सांगते, कारण पुढे जे काही चाललो ते त्या गुडघ्याच्या वेगाने.

आधी वाईट अनुभव. जावयांनी हौसेने आमची दिवसभराची टूर काढली होती, माणशी पंधरा दिनार, म्हणजे आपले तीन हजारांच्या वर. कंपनीचं नाव लिहीत नाही, ओळखीतून झालेलं काम आहे. गाडी छान, एसी गार, गाइड पोरगा गोड. पण सहा तासांत काय दाखवलं? किल्ला वीस मिनिटं, वाळवंटातलं झाड दहा मिनिटं, पहिली तेलविहीर गाडीतूनच, आणि अत्तराच्या दुकानात पाऊण तास. किल्ल्यापाशी पोरगा म्हणाला, “हा पोर्तुगीजांनी बांधला, फोटो काढा.” वसईच्या बाईला हे सांगायचं म्हणजे काय! मी विचारलं, बांधला तर गेले कधी आणि का? तो हसून पाण्याच्या बाटल्या वाटायला लागला.

म्हणून दुसऱ्या दिवशी जावयांना सांगितलं, आम्हाला फक्त मुहर्रकला सोडा, पुढचं आमचं आम्ही बघू.

मुहर्रक हे वेगळं बेट आहे, विमानतळ त्यावरच. पुलांनी मनामाला जोडलेलं. गेल्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत राज्यकर्ते इथेच राहत, आणि मोत्यांचा सगळा पैसाही इथेच. २०१२ मध्ये युनेस्कोने या मोतीधंद्याच्या खुणांना जागतिक वारसा म्हटलं: समुद्रातली शिंपल्यांची तीन क्षेत्रं, दक्षिण टोकाला बू माहिर किल्ल्याचा किनारा आणि गावातल्या सतरा वास्तू. त्यांना जोडणारी साडेतीन किलोमीटरची पायवाट म्हणजे मोतीमार्ग. २०१९ मध्ये मुहर्रकच्या या सगळ्या कामाला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. पुरस्काराशी मला देणंघेणं नव्हतं, पण ताईंना होतं, कारण वाटेत जागोजाग छोटे चौक आहेत, झाडं लावलीत आणि बसायला जागा आहे. गुडघ्याने तिथेच शेरा दिला: उत्तम.

वाट चुकायची भीती नाही. दिव्यांचे खांब धरून चालायचं. खांबाच्या काँक्रीटमध्ये शिंपल्यांचे तुकडे घातलेत, जवळ जाऊन हात फिरवला तर चमक दिसते, आणि वर मोत्यासारखा पांढरा गोल दिवा. सकाळी नऊला निघालो होतो. एका गल्लीत मांजर, दुसरीत क्रिकेट खेळणारी आपल्याकडची पोरं, तिसरीत कुणाच्या तरी घरातून कांदा परतल्याचा वास. वस्ती राहती आहे, हे मला सगळ्यात आवडलं.

बू माहिरच्या किनाऱ्यावरून पूर्वी होड्या सुटत. मोठा मोसम उन्हाळ्यातले चार महिने. होडीच्या मुख्य माणसाला तिथे ‘नोखिधा’ म्हणतात. फलकावर हा शब्द वाचताच ताई थांबल्या. “वहिनी, हा आपला नाखवाच की!” पाचूबंदरच्या कोळ्यांमध्ये ज्यांचं लहानपण गेलं त्यांना कोणी सांगायला नको. मूळ फारसी शब्द ‘नाखुदा’. एकीकडे अरबांच्या तोंडात जाऊन नोखिधा झाला, दुसरीकडे आपल्या किनाऱ्यावर नाखवा.

पुढची गोष्ट काही गोड नाही. बुडी मारून शिंपले काढणारा तो पाणबुड्या. त्याच्या नाकाला कासवाच्या कवचाचा चिमटा, पायाला दगड, गळ्यात जाळीची पिशवी. दगडाच्या वजनाने तळाला जायचं, श्वास धरून शिंपले गोळा करायचे, दोरीला हिसका दिला की वरचा माणूस ओढून घेणार. दिवसभर हेच, आणि पोटभर जेवण रात्रीच. मोसमाआधी नाखवा उचल देई, घरात बायकापोरांनी खायचं त्यावर. मोसम संपल्यावर हिशेब नाखव्याच्या वहीत, आणि पाणबुड्याला अक्षर येत नाही. कर्ज फिटत नसे. बाप मेला की मुलाच्या डोक्यावर. आपल्या सावकारीत जे व्हायचं तेच, फक्त शेताऐवजी समुद्र. १९२०च्या दशकात ब्रिटिशांच्या दबावाने सुधारणा आल्या, प्रत्येक पाणबुड्याला स्वतःचं हिशेबाचं पुस्तक द्यायचं ठरलं. नाखवे चिडणारच. पण पाणबुडेही बिथरले, कारण नव्या नियमांत उचलीची रक्कम आटली. कागदावरची सुधारणा आणि घरातली चूल यांचं असंच असतं, पोस्टात पगार मनीऑर्डरने जायचे तेव्हापासून बघतेय.

मार्गावर एक पाणबुड्याचं घर आहे, बैत अल घूस, आणि शेवटाकडे सियादींचं, जे मोत्यांचे व्यापारी. दोन्ही एकाच दिवशी बघा. पाणबुड्याकडे अंगण आणि त्याभोवती लहान खोल्या. समुद्रातून काढलेल्या प्रवाळ दगडाच्या भिंती, छताला खारफुटीचे वासे. सियादींकडे गिलाव्याचं कोरीव काम, रंगीत काचा, आणि पाहुण्यांसाठी वेगळी मजलिस. १९१२ मध्ये कार्तिये या जवाहिऱ्यांच्या घराण्यातला, लंडनची पेढी सांभाळणारा झाक मोत्यांसाठी स्वतः बहरीनला आला होता, तो अशाच घरांत बसला असणार. एरवी माल यायचा आपल्या मुंबईला. तिथे भोकं पाडायची, प्रतवारी व्हायची, माळा ओवल्या जायच्या आणि मग युरोपात. मुंबईच्या बाजाराने नाक मुरडलं की मुहर्रकमध्ये चूल थंड.

एका कपाटापाशी मात्र मी अर्धा तास उभी होते. पितळेच्या लहान वाट्या, एकीत एक बसणाऱ्या, प्रत्येकीच्या तळाला भोकं, आणि प्रत्येकीची भोकं वेगळ्या मापाची. मोती पहिल्या चाळणीत टाकायचे. अडकले ते मोठे, पडले ते दुसरीत, मग तिसरीत. खाली लाल कापड. अहो, हे तर सॉर्टिंग! आमच्याकडे खोकी होती, पिनकोडाने पत्रं टाकायची. इथे पिनकोडाऐवजी भोकाचं माप. ताई बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, “बत्तीस वर्षं तेच केलंस, अजून पोट भरलं नाही?”

मग हे सगळं गेलं कुठे? जपानी संवर्धित मोती बाजारात आले, त्यात १९२९ची मंदी. धंदा मेला. आणि १९३२ मध्ये बहरीनमध्ये तेल लागलं, आखाताच्या अरब किनाऱ्यावरचं पहिलं. काही पाणबुड्यांची मुलं थेट तेल कंपनीत गेली. संवर्धित मोत्याच्या व्यापाराला आजही इथे बंदी आहे, त्यामुळे बाजारात मोती घ्यायचाच असेल तर प्रमाणपत्र मागा. आम्ही किंमत विचारली आणि कानातले झुमके चाचपत बाहेर आलो.

टूरमधल्या त्या किल्ल्याला मग तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, आपल्या पायाने, तीन तास. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये बहरीन घेतलं. किल्ला आधीचाच, आखाताच्या तोंडावरच्या हुर्मुझ राज्याच्या सत्तेखालचा. त्यांनी त्याला बुरूज चढवून तोफांजोगा केला. १६०२ मध्ये इराणच्या सफवींच्या काळात त्यांना हुसकावलं. आमच्या वसईत ते १५३४ मध्ये आले आणि चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये काढले. तेव्हा बहरीनची सुटका आमच्यापेक्षा एकशे सदतीस वर्षं आधी झाली, हे मी ताईंना ऐकवलं. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. अल खलिफा घराणं, जे आजही राज्य करतं, ते १७८३ मध्ये कतारच्या बाजूने आलं. मधली गडबड तुम्हीच वाचा.

पण किल्ला हा वरचा पापुद्रा. खाली टेकडी आहे ती माणसांच्या राहण्यानेच चढलेली, इसवी सनापूर्वी २३०० च्या आसपासपासून घरावर घर. हीच दिलमुनची राजधानी, सुमेरी लोकांच्या कथांत येते ती पवित्र भूमी. डॅनिश मंडळींनी १९५४ मध्ये इथे खणायला सुरुवात केली. त्यांना मापाची दगडी वजनं मिळाली आणि ती निघाली सिंधू खोऱ्याच्या मापाची! म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी इथला वाणी आणि मोहेंजोदडोचा वाणी एकाच तराजूने तोलत होते. आणि एका वाड्याच्या जमिनीखाली वाडगे सापडले, आत सापांची हाडं, काहींत सोबत एखादा मणी, एकात मोती. का, ते कोणाला धड ठाऊक नाही. ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आपण दूध ठेवतो, यांनी मोती ठेवला.” शेजारचं संग्रहालय सोडू नका, टेकडीचे थर भिंतीवर उभे करून दाखवलेत, तिथे हे सगळं डोक्यात बसतं.

वाळवंटातलं ते एकटं झाड, ‘शजरत अल हयात’, चारशे वर्षांचं. जातीने शमी आहे हे मात्र टूरवाल्यांनी सांगायला हवं होतं. ताईंनी लांबूनच हात जोडले.

बहरीन म्हणजे दोन समुद्र. समुद्राच्या तळातून गोड पाण्याचे झरे फुटत, खलाशी खाऱ्या पाण्यात बुडी मारून पखालीत गोडं पाणी भरत. बेटावर अधारीचा झरा होता, त्यावरून म्हण आहे: अधारीचं पाणी लांबच्याला, जवळचा कोरडा. आपल्या ‘दिव्याखाली अंधार’च्या जवळचं काहीतरी. उपसा इतका झाला की झरे आटले. आता समुद्राचं पाणी गोड करून पितात.

एका गोष्टीबद्दल कोणीच आपणहून बोललं नाही. मनामात एक मोत्याचं स्मारक होतं, होडीच्या सहा शिडांनी वर धरलेला मोती, १९८२चं. २०११ मध्ये सरकारविरोधी निदर्शनं त्याच चौकात झाली. देशाच्या नागरिकांत शिया जास्त, राजघराणं सुन्नी, आणि तक्रारी जुन्या. १८ मार्चला स्मारकच पाडलं. पाचशे फिल्सच्या, म्हणजे अर्ध्या दिनाराच्या, नाण्यावर ते होतं. तीन आठवडे प्रत्येक सुट्ट्यात शोधलं, मला एकही मिळालं नाही. गाडीने त्या चौकावरून गेलो तेव्हा जावई म्हणाले, “आई, हा तो.” सिग्नल होता, बाकी काही नाही. तिथे कोणाला खोदून विचारू नका, राहणाऱ्यांना त्रास होतो.

चार कामाच्या गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, उन्हाळ्यात हे चालणं जमायचं नाही. शुक्रवारी दुपारी बाजार थंड असतो. घरांच्या वेळा आधी बघून घ्या, दुपारी मधे बंद असू शकतात. मनामाच्या जुन्या बाजारात श्रीनाथजींचं देऊळ आहे, दोनशे वर्षांचं, सिंधी व्यापाऱ्यांनी उभारलेलं. तिथे डोकं टेकून मग मुहर्रकला आलात तर मोत्यांचा, मसाल्यांचा आणि रुपयाचा धागा लगेच हाताला लागतो. मोतीमार्गाला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. टूरला दोन, तेही एसीचे.

शेवटी मुहर्रकच्या बाजारात हलवा घेतला. केशर, वेलची, काजू, चिकट आणि कोमट. माहीमचा हलवा मनात धरून जाऊ नका, हा कराची हलव्याच्या गोतातला. दुकानदार म्हातारा. सुट्टे देताना शंभर फिल्सचं नाणं माझ्या तळव्यावर ठेवून म्हणाला, “रुबिया.” १९६५ मध्ये दिनार आला तेव्हा दहा रुपयांना एक दिनार होता, म्हणून शंभर फिल्स म्हणजे रुपया. तेव्हाचा शब्द तोंडातून गेलेला नाही. ताईंनी विचारलं, “आणि आपला रुपया आता?” मी हिशेब सांगितला, दिनारला सव्वादोनशेच्या आसपास. त्यांनी तोंड वाकडं केलं, माझ्या हातातून ती रुबिया उचलली आणि शेजारच्या टपरीवर पाण्याची बाटली घेतली.