लातूरमधली झोपेची थेरपी: एका माजी सैनिकाचा अनुभव

सुरुंगाच्या स्फोटात डावा पाय गुडघ्याखालून गेला, मणक्यालाही मार बसला. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरनं पाय बसवून दिला, चालायला लागलो. झोप मात्र गेली ती गेलीच. अंग गादीवर, कान पोस्टवर. त्यात नसलेल्या पायाच्या बोटांत आग. शेवटी लातूरच्या एका क्लिनिकमध्ये निद्रानाशाची सीबीटी-आय थेरपी घेतली, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलायचा उपचार.

तिथल्या थेरपिस्ट मॅडमनी आधी मंडळींना विचारलं, हे घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का? तसं असेल तर तपासणी वेगळी असते. मग झोपेची वही सुरू झाली. कधी आडवा झालो, कधी डोळा लागला, कधी दचकलो, सगळं रोज लिहायचं. वही बघून म्हणाल्या, "काका, नऊला गादीवर जाऊ नका. साडेबाराला जा आणि साडेपाचला उठाच." सुरुवातीला जीव नकोसा झाला. दिवसा पेंग येणार, म्हणून ट्रॅक्टरला हात लावायचा नाही, हे त्यांनी बजावलंच होतं. पण पुढं सलग झोप लागायला लागली, तशी वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत नेली.

झोप आली नाही तर गादी सोडायची, हा त्यांचा नियम. माझा पाय रात्री काढून ठेवलेला. अंधारात लायनर, म्हणजे आतला मऊ मोजा, चढवून पाय बसवेपर्यंत उरलीसुरली झोपही उडते, आणि एका पायावर उठलं तर पडायची भीती. हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. पलंगाला लागून हाताची खुर्ची ठेवायला लावली, तिच्यावर नुसतं सरकायचं. एवढा विचार माझ्यासाठी आधी कुणी केला नव्हता.

वाईट स्वप्नाचा शेवट दिवसा बदलून लिहायचा आणि रोज मनात घोळवायचा, हेही शिकवलं. माझ्या स्वप्नातली ती पायवाट आता कधीकधी पलटणीच्या लंगरपाशी, जेवणाच्या जागी, जाऊन थांबते. कॅन्टीनची रम बंद केली. तिनं डोळा लवकर लागतो, पण पहाटेची झोप मोडते. पायाच्या आगीसाठी मात्र वेदनेच्या डॉक्टरांकडं पाठवलं, तो इलाज अजून चालू आहे. लग्नसराईत फटाके वाजले की अजूनही दचकतो.

तक्रार एकच, पण मोठी. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. अपंग माणसं येतात तिथं हे चालणार नाही, तोंडावर सांगितलंय.

तरी माझ्याकडून पाचपैकी चार. लातूरला येणं जमत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आणि डॉक्टरकडं जाताना घरचं माणूस सोबत न्या, आपलं घोरणं आणि ओरडणं त्यांनाच माहीत असतं.