आरटीएक्स ३०६० की ४०६०? आधी मदरबोर्ड बघा, मग खोका

पुण्यात टिळक रोडवर एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलेल्या बहुतेकांना एकच प्रश्न पडतो. ४०६० नंतरच्या पिढीचं, तरी मेमरी ८ जीबी. ३०६० जुनं, तरी १२ जीबी. हे उलटं कसं?

उत्तर मेमरी बसमध्ये, म्हणजे कार्डाची मुख्य चिप आणि मेमरी यांमधल्या डेटाच्या रस्त्यात आहे. जीडीडीआर६ (कार्डावरची मेमरी) ची एकेक चिप ३२ बिटची वाट वापरते. ३०६० ची बस १९२ बिट, म्हणजे सहा चिपा. त्या १ जीबीच्या घेतल्या तर ६ जीबी होतात, २ जीबीच्या घेतल्या तर १२. एनव्हिडियाने फेब्रुवारी २०२१ मध्ये १२ चा पर्याय निवडला. जून २०२३ मध्ये आलेल्या ४०६० ची बस १२८ बिटवर आली, म्हणून चार चिपा आणि ८ जीबी. बँडविड्थही (डेटा वाहण्याचा वेग) सेकंदाला ३६० जीबीवरून २७२ वर उतरली. ही घट भरून काढायला मुख्य चिपमधली एल२ कॅश (छोटी पण वेगवान साठवण) ३ एमबीवरून २४ एमबी केली. लागणारा डेटा कॅशमध्येच सापडला की मेमरीकडे जावं लागत नाही. १०८०पी रिझोल्यूशनला हे छान जमतं. १४४०पी ला डेटा कॅशमध्ये पुरेसा मावत नाही आणि ४०६० ची आघाडी कमी होत जाते.

कुडा कोअर, म्हणजे गणित करणारे छोटे घटक, ३०६० मध्ये ३५८४ आहेत, ४०६० मध्ये ३०७२. कोअर कमी म्हणून कार्ड हळू, असं मात्र नाही. ३०६० चा बूस्ट क्लॉक (चिपचा कमाल वेग) १७७७ मेगाहर्ट्झ, ४०६० चा २४६०, त्यामुळे एकूण गणनशक्ती १२.७ टेराफ्लॉपवरून १५.१ वर जाते. १०८०पी गेममध्ये ४०६० साधारण १५ ते २० टक्के पुढे राहतं. जाहिरातीतले दुप्पट-तिप्पट आकडे एनव्हिडियाचं फ्रेम जनरेशन धरून असतात आणि ती सोय ३०६० ला नाही. फ्रेम जनरेशन मधल्या फ्रेम तयार करतं, माऊसचा प्रतिसाद सुधारत नाही. मुळात ५०-६० एफपीएस (सेकंदाला फ्रेम) मिळत असतील तरच त्याचा उपयोग. शिवाय ते स्वतःच काही मेमरी खातं, आणि ८ जीबीच्या कार्डावर तीच आधी संपते.

खोक्यावर छापलेलं पण कोणी न वाचणारं एक स्पेसिफिकेशन सगळ्यात महत्त्वाचं आहे: पीसीआयई ४.० x८. पीसीआयई म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांमधला जोड, x८ म्हणजे आठ लेन. ४०६० फक्त आठ लेन वापरतं, ३०६० सोळा. पीसीआयई ४.० बोर्डावर फरक जाणवत नाही. पण बी४५०, ए५२० किंवा एच४१० बोर्डावर स्लॉट ३.० चा असतो. तिथे ४०६० ला सेकंदाला जेमतेम ८ जीबीचा रस्ता मिळतो, ३०६० ला जवळपास १६ चा. रायझन ५ ५६००जी असेल तर बोर्ड बी५५० असला तरीही हेच होतं, कारण तो प्रोसेसरच ३.० चा आहे. मेमरी पुरते तोवर काही बिघडत नाही. ती भरली की टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) रॅममधून आणावं लागतं, आणि अरुंद रस्त्यामुळे गेम झटके खातो. सरासरी एफपीएस चांगला दिसतो, वळताना मात्र चित्र अडकतं. अशा वेळी टेक्श्चर अल्ट्रावरून हायवर आणा, बाकी सेटिंग तशीच राहू द्या. बहुतेकदा तेवढ्यानेच भागतं.

रेंडरिंग आणि एआयसाठी निवड सोपी आहे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सीन मेमरीत मावला नाही तर रेंडर एकदम मंदावतो किंवा मेमरी संपल्याचा संदेश देऊन थांबतो. तिथे २० टक्के वेग कामाला येत नाही. ४ बिटचं (दाबून लहान केलेलं) ७-८ अब्ज पॅरामीटरचं भाषा मॉडेल ८ जीबीत बसतं. १३ अब्जाचं साधारण ८ जीबीच मागतं आणि वर संदर्भासाठी जागा हवी, म्हणजे १२ जीबी लागणारच. आर्किटेक्चर, अॅनिमेशन किंवा मशीन लर्निंग शिकणाऱ्यांनी ३०६० १२ जीबी घ्यावं, निःशंकपणे. याउलट व्हिडिओ एडिटिंग आणि स्ट्रीमिंगवाल्यांना ४०६० चा एव्ही१ (व्हिडिओचा एक फॉरमॅट) एन्कोडर उपयोगी. ३०६० एव्ही१ दाखवू शकतं, बनवू शकत नाही.

विजेचा हिशेब दुर्लक्षित राहतो. ३०६० १७० वॉट घेतं, ४०६० ११५. फुल लोडवर रोज चार तास धरले तर ५५ वॉटच्या फरकाने महिन्याला ६.६ युनिट वाढतात. एवढ्याने महावितरणच्या बिलात मोठा फरक पडत नाही, स्लॅबच्या काठावर असाल तर वेगळं. खरी अडचण यूपीएसची. गुरुवारी वीज जाणाऱ्या भागांत घरोघरी ६०० व्हीएचा यूपीएस असतो, आणि त्याची ताकद साधारण ३६० वॉटच. ३०६०, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून तो काठावर जातो. वीज गेली की बीप करून बंद पडतो. ४०६० सोबत थोडी मोकळीक राहते. एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) दोन्हींना ५५० वॉटचा पुरतो. ८ पिनची केबल पीसीआयईची आहे ना, हे बघून लावा. सीपीयूची ८ पिन केबल दिसायला तशीच असते, पण खाचा वेगळ्या असतात. जोर लावून बसवू नका. मोलेक्स अॅडॉप्टर टाळा.

सेकंड-हँड ३०६० घेताना दोन गोष्टींची काळजी. पहिली, ३०६० ची ८ जीबीची आवृत्तीही आहे. कोअर तेच, पण बस १२८ बिट आणि बँडविड्थ २४०, म्हणजे घेण्याचं मुख्य कारणच गेलं. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बस १९२ बिट आणि मेमरी १२२८८ एमबी आहे ना, हे दुकानातच बघा. नाव पिवळ्या खुणेसह किंवा बनावट म्हणून दिसलं तर कार्ड परत ठेवा. दुसरी, सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबल्यावर खूप कार्डं बाजारात आली. मायनिंगचं कार्ड म्हणून लगेच नाकारू नका, पण पंखे हाताने फिरवून खडखड ऐका. मग फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी) १५ मिनिटं चालवून हॉटस्पॉट, म्हणजे चिपच्या सगळ्यात गरम जागेचं तापमान पाहा. जीपीयू आणि हॉटस्पॉटमधला फरक २० अंशांहून बराच जास्त असेल तर थर्मल पेस्ट सुकलेली किंवा हीटसिंक नीट बसलेला नसतो. मेमरीसाठी ओसीसीटी या सॉफ्टवेअरची व्हीरॅम (कार्डाची मेमरी) चाचणी लावा; एकही एरर आली तरी सौदा नको. वॉरंटी जीएसटी बिलावर आहे की सिरीअल नंबरवर, ते लिहून घ्या.

घरी जोडल्यावर स्क्रीन काळी राहिली तर आधी एचडीएमआय केबल मदरबोर्डाऐवजी कार्डाला लावली आहे ना ते बघा. मग जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर पूर्ण काढणारं सॉफ्टवेअर) काढून नवा टाका.