अल्फा 24 मिमी, 1 मेगओहम ऑडिओ पॉट: ॲम्पचा व्हॉल्यूम हाताशी आणणारा सुटा भाग

ट्यूबवर चालणाऱ्या गिटार ॲम्पचा व्हॉल्यूम नॉब 1 वर जेमतेम ऐकू येतो आणि 2 ला पोचेपर्यंत खोली दणाणते, तेव्हा आधी पॉटच्या (नॉबमागचा बदलता रोध) टेपरवर, म्हणजे नॉब फिरवताना रोध कोणत्या वळणाने बदलतो त्यावर, संशय घ्यावा. लिनियर पॉटचा रोध एकसारख्या दराने बदलतो; तो मधोमध असताना सिग्नल फक्त 6 डेसिबल (डीबी) उतरलेला असतो. सगळी चढउतार सुरुवातीच्या दोन-तीन आकड्यांतच उरकते. अल्फाचा 15ए हा ऑडिओ टेपर मधोमध साधारण 15 टक्के सिग्नल सोडतो, म्हणजे सुमारे 16.5 डीबी खाली. फेंडरच्या डिलक्स रिव्हर्ब या गिटार ॲम्पच्या धर्तीवर बांधलेल्या ॲम्पमध्ये घरच्या आवाजासाठी 2 ते 4 एवढी ऐसपैस जागा मिळते. या कामासाठी हा पॉट बिनधास्त घ्यावा. मात्र 30ए घेऊ नका, तो मधोमध 30 टक्के सोडतो आणि फरक अर्धवटच राहतो.

दोष एकच: वळण खरं लॉगरिदमिक नाही, वेगवेगळ्या रोधाचे पट्टे जोडून साधलेलं आहे. त्यामुळे मधल्या भागात आवाज किंचित झपकन चढतो. शिवाय 20 टक्के टॉलरन्स (छापील आकड्यापासूनचा फरक) असतो, म्हणून लावण्याआधी नॉब मधोमध ठेवून 1 आणि 2 या पायांमधला (दांडा आपल्याकडे, पाय खाली धरल्यास डावा आणि मधला) रोध मोजा. 150 किलोओहमच्या आसपास हवा. 500 दिसला तर हातात लिनियर पॉट आहे.

प्लग काढल्यावरही वीजपुरवठ्यातल्या फिल्टर कपॅसिटरमध्ये 400 व्होल्ट उरू शकतात. ते रेझिस्टरमधून उतरवा, मीटरने खात्री करा, मगच डाख वितळवा. दांडा आपल्याकडे, पाय खाली धरल्यास डावा ग्राउंड, मधला वायपर (सरकणारा संपर्क), उजवा इनपुट. मागून पाहताना हा क्रम उलटतो आणि चूक इथेच होते: नॉब उलटा चालतो, आवाजाची बहुतेक हालचाल एका टोकाला गोळा होते.

पॉट बदलूनही कमी आवाजात टोन कर्कश वाटला, तर पॉटवरचा ब्राइट कपॅसिटर (कमी आवाजात तीव्र सूर उठवणारा) बघा. 120 पिकोफॅरडच्या जागी 47 लावा, किंवा एक पाय सोडवून फरक ऐका.

जुन्या लिनियर पॉटच्या वायपर-ग्राउंडमध्ये 150 किलोओहम जोडूनही मधोमध 19 टक्क्यांच्या आसपास पोचता येतं. पण पूर्ण व्हॉल्यूमला आधीच्या टप्प्यावर फक्त 130 किलोओहमचा भार पडतो, थोडा गेन (आवाजवाढ) जातो. म्हणून ती सोय तात्पुरतीच.