गंजलेली पिकअप भंगारात न देता वाचवली: अकरा महिने वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या वर्षीच्या दिवाळीत भंगारवाल्यानं आमच्या पिकअपचे 58,000 रुपये सांगितले. रोख देतो, आजच उचलतो म्हणाला. आबा सोप्यात बसून ऐकत होते, एक शब्द बोलले नाहीत. मी त्याच्याकडून दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांचे दोन महिने झाले, 1,39,000 रुपये खर्ची पडले आणि जानेवारीपासून ती गाडी परत रोज कामाला जातेय. मध्ये अख्खा पावसाळा गेला. दुरुस्ती टिकली की नाही हे पावसाळ्याशिवाय कळतच नाही, म्हणून आजवर काही लिहिलं नव्हतं.

गाडी 2008 ची, आबांनी नवी घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा गंज कंपनीनं दिलेला नाही. अर्धा पुरानं दिला आणि अर्धा आमच्या दुर्लक्षानं.

आमचं गाव कोल्हापूरजवळ, प्रयाग चिखलीच्या बाजूला, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येऊन पंचगंगा होते त्या पट्ट्यात. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट धरतात. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. माणसं आणि जनावरं बाहेर काढण्यातच सगळा वेळ गेला, गाडी गोठ्याशेजारी राहिली आणि पाच दिवस सीटपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर एक गोष्ट बरोबर केली: सेल मारला नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल मारला की पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून नेली, नोझल काढून इंजिन हातानं फिरवलं, पाणी बाहेर काढलं, सगळी ऑइलं बदलली. इंजिन वाचलं आणि आम्ही निर्धास्त झालो.

चेसिसकडे, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याकडे, मात्र कुणीच बघितलं नाही. वर्षभरानं एका गॅरेजमध्ये खालून काळा डांबरी लेप मारून घेतला. आतला चिखल काढला नाही, गंज घासला नाही, तसाच वरून लेप. तेव्हा गाडी खालून नव्यासारखी दिसली. प्रत्यक्षात ओल आत कोंडली गेली आणि पुढची चार वर्षं ती लेपाआड लोखंड खात राहिली. त्यात आमचा माल म्हणजे युरियाची पोती, शेणखत, ओली वैरण. युरिया आणि शेणखत पत्र्याला काय करतं ते शेतकऱ्याच्या कुठल्याही हौद्याचा तळ बघून कळतं.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीकडे गाडी नेली. मी इंजिनचा आवाज ऐकवायला लागलो तर म्हणाला, "इंजिनचं नंतर बघू ओ मालक, आधी खाली झोपूया." हातात एक लहान हातोडी, एक जुना स्क्रू ड्रायव्हर आणि बॅटरी. पुढच्या बंपरपासून चेसिसवर वीतभर अंतरानं हातोडी मारत तो मागं सरकत गेला. खण, खण, खण. चांगलं लोखंड तसंच वाजतं. मागच्या एक्सलवरून चेसिस जिथं कमानीसारखी वर उचललेली असते तिथपर्यंत तसाच आवाज आला. डाव्या बाजूला, मागच्या पाट्याचा (पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) हँगर जिथं चेसिसला बसतो तिथं मात्र आवाज बसका झाला, भिजल्या लाकडावर मारल्यासारखा. त्यानं तिथं स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबला. अर्धा इंच आत गेला. तपकिरी पापुद्रे माझ्या तोंडावर पडले.

मी म्हटलं, संपलं. तो म्हणाला, "थांबा की, अजून सगळं कुठं बघितलंय?" कमानीची उजवी बाजू, पाट्यांचे चारही हँगर, आडव्या पट्ट्या, स्टिअरिंग बॉक्स बसतो ती जागा, केबिनचे माउंटिंग, असं सगळं ठोकून आणि टोचून झालं. शेवटी कमकुवत निघालं ते एवढंच: डावा मागचा हँगर आणि त्याच्या पुढचा सुमारे फूटभर भाग, एक आडवी पट्टी आणि केबिनचे दोन माउंटिंग. डोळ्यांना दिसणारा जो भयानक गंज होता, म्हणजे दरवाज्यांचा खालचा भाग, पायदान, हौद्याची चाळण, त्याला त्यानं किंमतच दिली नाही. "तो पत्रा हाय. पत्रा बाजारात मिळतो."

माझ्या मते गाडी ठेवायची की नाही हे याच एका गोष्टीवर ठरतं. मागची कमान दोन्ही बाजूंनी गेलेली असेल किंवा स्टिअरिंग बॉक्सची जागा पोखरलेली असेल, तर इंजिन कितीही गोड चालो, गाडी देऊन टाका. टनभर माल भरल्यावर सगळा ताण त्याच जागांवर येतो आणि तिथं तुटली तर घाटात तुटते. उलट चेसिस बहुतेक शाबूत असेल तर वरचा पत्रा फाटका आहे म्हणून भंगाराच्या भावात गाडी सोडू नका.

पैशाचा हिशेब मी असा घातला. नवी घ्यायची तर दहा लाखांच्या आसपास, म्हणजे हप्ता आला. बरी सेकंडहँड चार-साडेचार लाखांना, आणि तिच्या लेपाखाली काय आहे ते देव जाणे. आमच्या गाडीचा इंजिनला डिझेल देणारा साधा पंप उद्यमनगरात कुणीही उघडून दुरुस्त करतो आणि सुटे भाग मिळतात. मिस्त्रीनं अंदाज 90,000 चा दिला होता. वर 49,000 गेले. तुम्हीही अंदाजाच्या दीडपट धरूनच चाला, कारण उघडल्याशिवाय गंज किती आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

कायद्याचंही सांगतो, कारण गावात सगळे म्हणत होते की 15 वर्षं झाली, आता ही गाडी चालवताच येत नाही. तसं नाही. वयावरून सरसकट बंदीची जी चर्चा असते ती दिल्ली परिसराची, आणि 15 वर्षांनंतर नोंदणी रद्द होते ती सरकारी गाड्यांची. आपल्याकडच्या मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) करावं लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो. पासिंग झालं तर गाडी रस्त्यावर चालते. जुन्या गाडीला पासिंगची फी जास्त पडते, ती आधी विचारून घ्या. आणि गाडी द्यायचीच ठरली तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या. तिथं जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते, केंद्राच्या नियमात मालवाहू गाडीसाठी ती 15 टक्क्यांपर्यंत आहे. साध्या भंगारवाल्याला दिली आणि नोंदणी रद्द केली नाही, तर कागदावर ती तुमच्याच नावावर राहते.

कामाला सुरुवात झाली ती हौदा उतरवून. चेसिसच्या पोकळ भागात पाण्याचा पाइप घातला आणि प्रेशर सोडलं, तेव्हा मागून जे बाहेर आलं ते मी विसरणार नाही. काळाभोर, घट्ट गाळ. घमेली भरली. त्यात उसाच्या पाचटाचे तुकडे होते आणि एक शिंपला होता. पाच वर्षांपूर्वीची पंचगंगा आम्ही चेसिसमध्ये घेऊन फिरत होतो. पाणी निथळायची भोकं त्या गाळानं गच्च बुजलेली. आबांनी तो शिंपला उचलून खिशात टाकला.

मग शिरोलीला शॉट ब्लास्टिंग केलं, म्हणजे लोखंडाचे बारीक दाणे जोरानं मारून गंज आणि जुना लेप उडवला. कोल्हापुरात फाउंड्र्या असल्यामुळं ही सोय जवळच होते, 6,500 रुपये लागले आणि या सगळ्यातला सगळ्यात सार्थकी लागलेला पैसा हाच. ब्लास्टिंगनंतर खोटं काही उरत नाही, लोखंड आहे तेवढंच दिसतं. चेसिसचं वेल्डिंग 28,000. इथं एक गोष्ट बघून घ्या: कुजलेला भाग चांगल्या लोखंडापर्यंत कापून काढला पाहिजे, आणि वरून बसवायच्या प्लेटची टोकं निमुळती हवीत. चेसिसला आडवं, सरळ रेषेत वेल्डिंग मारलं की ताण त्याच रेषेवर येतो आणि पुढं तिथंच तडा जातो. आमच्या मिस्त्रीनं 4 मिलिमीटरच्या प्लेटची टोकं माशाच्या तोंडासारखी कापली आणि सीओटू वेल्डिंगनं बसवली. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढली होती. मग इपॉक्सी प्रायमर, वर रंग.

हौद्याला तळाचा नवा चेकर्ड पत्रा, 31,000. केबिनचा तळ, पायदान आणि दरवाजे 24,000. ब्रेकचे पाइप, व्हील सिलिंडर वगैरे 11,500. जुने पाइप वरून बरे दिसत होते, क्लिपखाली मात्र कागदासारखे झालेले. गंजकी गाडी घेतलीत तर हे पाइप न बघताच बदला. पाट्यांचे बुश आणि पिना 9,000, वायरिंग 7,000, रंग 22,000.

आता अकरा महिन्यांचं. साधारण 9,400 किलोमीटर झाले. रोजची वैरण, हंगामात गुऱ्हाळावरून शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे (ढेपा), महिन्यातून दोन वेळा राधानगरी रस्त्यानं खताच्या खेपा. माल भरून लिटरला 11 किलोमीटर पडतात, आधीही तेवढेच पडायचे. चालवायला मात्र फार बदल आहे. पूर्वी खड्ड्यात मागचा भाग एका बाजूला सरकल्यासारखा व्हायचा. मी ते पाट्यांवर ढकलायचो, दोष हँगरचा होता. आता माल भरूनही गाडी सरळ बसते.

यंदा पावसानं मे महिन्यातच गाठलं. त्यानंतर दर महिन्याला मी गाडीखाली झोपून वेल्डिंगच्या कडा बघतोय. चेसिसच्या जोडावर आजवर एक तपकिरी रेघ नाही. दुरुस्तीच्या वेळी चेसिसच्या पोकळीत ऑइल फवारलं होतं, ते पावसाळ्यानंतर एकदा पुन्हा मारलं. नव्या हौद्याखाली रबराच्या पट्ट्या टाकल्या होत्या, त्यांच्याखाली पाणी साठायला लागलं म्हणून त्या काढून टाकल्या.

जे फसलं तेही लिहितो. पुढच्या डाव्या चाकाच्या कमानीला पैसे वाचवायला नवा पत्रा न बसवता पुट्टी भरून घेतली. तो निर्णय माझा होता, मिस्त्री नको म्हणत होता. ऑगस्टमध्ये रंगाला फुगे आले, सप्टेंबरमध्ये नख लावलं तर पापुद्रा हातात आला. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळं तो पुट्टीला आतून ढकलून उचलतोच. दुसरी चूक समोरच्या काचेची. काच काढून तिच्या खालची चौकट साफ करायला हवी होती. 3,000 रुपये वाचतील म्हणून सोडलं. जोराच्या पावसात तिथून पाणी आत येतं आणि नव्या तळावर पडतं. रबर मॅट काढून ठेवलीय, म्हणजे तळ लवकर वाळतो.

ब्रेक, वायरिंग, सेल्फ यांचा अकरा महिन्यांत एकदाही त्रास नाही. पासिंग पहिल्या फेरीत झालं. धुण्याची सवय बदलली: शेणखत किंवा युरिया टाकून आलो की त्याच संध्याकाळी हौदा आणि खालची बाजू साध्या पाण्यानं धुतो, आणि रविवारी निथळायच्या भोकांतून एक तार फिरवतो. ते काम आता आबांनीच अंगावर घेतलंय. पंचगंगा इशारा पातळीकडे, म्हणजे 39 फुटांकडे, सरकायला लागली की गाडी पन्हाळ्याच्या बाजूला पाहुण्यांच्या दारात नेऊन लावायची, हेही घरात ठरलंय.

मधल्या काळात एकानं गाडी बघून अडीच लाखांना मागितली. दिली नाही. पुढच्या आठवड्यात दोन दिवस ती पुन्हा उद्यमनगरात जाणार आहे: काच काढून चौकट घासायची आणि पुढच्या डाव्या चाकाच्या कमानीची पुट्टी उतरवून पत्रा बसवायचा. मिस्त्रीनं 8,000 सांगितलेत, मी 12,000 बाजूला ठेवलेत.